कुंपण आणि शेत : श्रवणदोषातील प्रतिकारयंत्रणेचा वाटा

(कुंभकोणम्-तंजावर परिसरातील मराठी भाषिकांसमोर दारासुरम् येथे अनुवादिकेने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज सकाळी आपल्यापैकी काही जणांच्या सोबतीने मी ऐरावतेश्वराचे दर्शन घेतले. बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने बांधलेल्या या मंदिरात बलिपीठाला लागून काही दगडी पायऱ्या आहेत. त्यांवर हलका आघात केला की निरनिराळे स्वर उमटतात, अशी त्यांची ख्याती आहे. मला मात्र ते स्वर ऐकावयास मिळाले नाहीत. दगडाची झीज होऊ नये म्हणून पायऱ्यांभोवती लोखंडी जाळी बसविलेली आहे. जाळी बसविणाऱ्यांना मी दोष देत नाही. रक्षणासाठी केलेल्या व्यवस्थेमुळेही आवाज बंद होऊ शकतो, एवढेच मनात आले. आणि आज ज्या विषयावर मला बोलावयाचे आहे, त्याचे सार नेमके हेच आहे.

मी डॉक्टर नव्हे. मराठी भाषा व साहित्य घेऊन मी एम.ए. झाले आणि गेली अनेक वर्षे शास्त्रीय विषयांवरील पुस्तकांचे मराठीत भाषांतर करीत आहे. सध्या हाती असलेले पुस्तक श्रवणदोष आणि शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा यांच्या संबंधावर आहे. हे काम मी आवर्जून मागून घेतले. त्याचे कारण घरातले आहे, ते आधी सांगते.

सात वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण एका सकाळी उठली आणि नेहमीप्रमाणे फोन तिने डाव्या कानाला लावला. पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन बिघडला असे समजून तिने तो सहज उजव्या कानाला लावला, तेव्हा आवाज स्पष्ट आला. कानात मळ असेल, सर्दी झाली असेल, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. कानात थेंब घातले, वाफ घेतली. एका दवाखान्यात ‘नस कमजोर झाली आहे’ असे सांगून शक्तीच्या गोळ्या दिल्या गेल्या. घरातील वडीलधाऱ्यांनी प्रतिकारशक्ती वाढविणारे काढे सुरू केले. या सर्वांत सहा आठवडे गेले. अखेर कानाच्या तज्ज्ञांकडे श्रवणमापन झाले तेव्हा ते म्हणाले, “पहिल्या आठवड्यात आला असता तर प्रयत्न करून पाहता आला असता.” तिचे ऐकणे परत आले असतेच, असे ते म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. परंतु प्रयत्न करण्याचा जो काळ होता तो आम्ही दवडला, तो अज्ञानामुळे. आणि त्या अज्ञानात भाषेचाही वाटा होता, असे मला आता वाटते.

प्रथम कानाची रचना थोडक्यात पाहू. बाहेरून आलेल्या ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागे एकमेकींत गुंतलेल्या तीन चिमुकल्या हाडांची साखळी आहे. तिच्यातील रिकिबीच्या आकाराचे शेवटचे हाड अवघे तीन मिलिमीटर लांबीचे, म्हणजे शरीरातील सर्वांत लहान हाड होय. ते आंतरकर्णातील द्रव हालविते. आंतरकर्णाचा ऐकण्याचा भाग शंखासारखा अडीच वेढ्यांचा असून सरळ केल्यास तो सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. त्यात सुमारे पंधरा हजार रोमपेशी, म्हणजे माथ्यावर सूक्ष्म रोम असलेल्या पेशी, ओळीने मांडलेल्या आहेत. द्रवाच्या हालचालीने रोम वाकतात, त्यातून विद्युत्संदेश निर्माण होतो आणि मज्जातंतूमार्फत मेंदूकडे जातो. या पेशींना लागणारी विद्युत्शक्ती शंखाच्या भिंतीतील रक्तवाहिन्यांनी गजबजलेल्या एका पट्ट्याकडून मिळते. तो पट्टा शंखातील द्रवाचे क्षार सांभाळतो. रोमपेशी जर दिवे असतील, तर हा पट्टा म्हणजे वीजघर समजावे.

ही उपमा लक्षात ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावर आधारलेला आहे. माणसातील रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा निर्माण होतात, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. सस्तन प्राण्यांना मात्र ते भाग्य लाभलेले नाही. म्हणून ‘नस गेली, आता उपाय नाही’ हे वाक्य आपल्याकडे रूढ झाले. परंतु दिवे शाबूत असून केवळ वीजघर बिघडले असेल तर? मग घरात अंधार असला तरी तो कायमचाच असेल असे नाही. वीजघर लवकर दुरुस्त झाले तर दिवे पुन्हा लागू शकतात. उशीर झाला तर मात्र दिवेही निकामी होतात.

हे वीजघर ज्या कारणांनी बिघडू शकते, त्यांतील एक कारण म्हणजे आपलीच रोगप्रतिकारक यंत्रणा.

येथे भाषांतरकार म्हणून मला थांबावे लागले. ‘प्रतिकार’ हा शब्द मराठी मनाला प्रिय आहे. अन्यायाचा प्रतिकार, आक्रमणाचा प्रतिकार. जितका अधिक तितका चांगला, असेच आपण धरून चालतो. २०२० सालच्या साथीत घराघरांत काढे उकळले गेले आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा जणू मंत्र झाला. ‘शक्ती’ म्हटली की ती वाढविण्याचीच गोष्ट! वस्तुतः या यंत्रणेचे पहिले काम लढणे हे नसून ओळखणे हे आहे. आपले कोण आणि परके कोण, हे तिने पेशीपेशीगणिक ठरवावयाचे असते. त्या ओळखीत चूक झाली, तर तिचे बळ जितके अधिक तितकी हानी अधिक. कुंपणानेच शेत खाल्ले, असे आपण म्हणतो ते येथे शब्दशः लागू पडते. फरक एवढाच, की या कुंपणाच्या मनात कपट नसते, त्याची ओळख चुकलेली असते. अशा विकारांना ‘स्वयंप्रतिकारक विकार’ असे नाव मराठीत रुळले आहे. सांध्यांचा आमवात हे त्याचे परिचित उदाहरण होय.

दुसरा शब्द ‘दाह’. श्वेतपेशी एखाद्या ठिकाणी धावून जातात तेव्हा तेथे रक्त वाढते, सूज येते, आग होते. मराठी विश्वकोशात ‘दाहयुक्त सूज’ असा शब्दप्रयोग योजलेला आहे आणि तो मला फार समर्पक वाटतो. आपल्या या गावाची स्थलकथा आपण जाणताच : ऋषीच्या शापाने यमाच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि येथील तीर्थात स्नान केल्यावर तो शमला, म्हणून ते यमतीर्थ. प्रत्यक्ष यमालाही शत्रू मारून सुटका मिळाली नाही, दाह शमवूनच मिळाली. कानाच्या या विकारातही उपाय तोच आहे.

आता हे ज्ञान कसे झाले ते पाहू. आंतरकर्ण हा शरीरातील सर्वांत कठीण अशा हाडात बसविलेला आहे आणि रक्तातील बहुतेक पदार्थांना त्यात सहज प्रवेश नाही. त्यामुळे प्रतिकारयंत्रणेचा तेथे शिरकावच नसावा, अशी दीर्घकाळ समजूत होती. १९४५ साली अमेरिकेतील बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ डेव्हिड कोगन यांनी अशा रुग्णांचे वर्णन केले, की ज्यांच्या डोळ्यांच्या पारदर्शक पटलाला दाहयुक्त सूज येई आणि त्याबरोबरच चक्कर येऊन ऐकणेही झपाट्याने कमी होई. १९५८ साली जर्मनीतील लेनहार्ट यांनी एक कान गेल्यानंतर दुसराही जाणाऱ्या रुग्णांच्या संदर्भात शंका मांडली, की शरीर स्वतःच्याच कानाविरुद्ध उठत असावे. १९७९ साली आयोवा येथील ब्रायन मॅकेब यांनी १८ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांचे दोन्ही कान काही आठवड्यांत वा महिन्यांत खालावत गेले होते, आणि दाह व प्रतिकार दडपणाऱ्या औषधांनी त्यांत सुधारणा दिसली होती. मज्जातंतूंशी निगडित असा श्रवणदोष औषधाने मागे फिरू शकतो, ही गोष्ट त्या काळी नवलाची होती. पुढील संशोधनात असे दिसून आले, की आंतरकर्णाला जोडलेल्या एका लहानशा पिशवीत प्रतिकाराची सर्व सामग्री असते आणि शंखातही भक्षक पेशी कायम वस्तीला असतात.

पहिली नोंद नेत्रतज्ज्ञाची, हे वाचताना मला आपल्या तंजावरची आठवण झाली. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल उभारला. नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे त्यांनी करवून घेतली. ती सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जतन केलेली आहेत. रोग्याला काय झाले, केव्हा झाले आणि उपचारानंतर काय फरक पडला, हे लिहून ठेवण्याची ती शिस्त. कोगन आणि मॅकेब यांच्याजवळही प्रारंभी याहून मोठे साधन नव्हते. आज आपल्यालाही तिची गरज आहे, ती कशी ते पुढे सांगते.

स्वयंप्रतिकारक श्रवणदोषाचे स्वरूप साधारण असे असते. तो वार्धक्यातील बहिरेपणासारखा वर्षानुवर्षे रेंगाळत नाही. आठवड्यांत वा महिन्यांत वाढतो. बहुधा दोन्ही कानांना होतो, पण सारख्या प्रमाणात नाही. ऐकणे काही दिवस बरे, काही दिवस वाईट असे हेलकावे खाते. कानात आवाज येतात, कधी भोवळ येते. भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य घालविलेल्या कामगाराचे कान हळूहळू आणि बहुतेक सारखेच उणावतात. तेथे कारण उघड असते. येथे तसे नसते. हा विकार विरळ आहे. एकूण श्रवणदोषांत त्याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी मानले जाते. काही रुग्णांत आमवातासारखा दुसरा स्वयंप्रतिकारक विकारही आढळतो. त्याचे निश्चित निदान करील अशी एकही रक्तपरीक्षा आजवर हाती आलेली नाही. औषधाने ऐकणे सुधारले, तर तोच मुख्य पुरावा.

एकाएकी, म्हणजे तीन दिवसांच्या आत, एका कानाचे ऐकणे जाणे हा याचा जवळचा नातलग. माझ्या बहिणीला झाले ते हेच. त्याची कारणे अनेक असू शकतात : विषाणू, रक्तपुरवठ्यातील अडथळा, दाह. बहुतेक वेळा नेमके कारण सापडतच नाही. परंतु दोन्ही विकारांत उपचाराची पहिली पायरी एकच, स्टेरॉइड जातीची औषधे.

या औषधांचा उगम १९४८ साली आमवातावर प्रथम वापरल्या गेलेल्या कॉर्टिझोनमध्ये आहे. त्या कार्याबद्दल हेन्च, केंडाल व राइखश्टाइन यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे श्वेतपेशींना आवरतात, सूज उतरवितात. उंदरांवरील प्रयोगांवरून असेही दिसते, की आंतरकर्णातील क्षारांचा समतोल, म्हणजे आपल्या उपमेतील वीजघर, सावरण्यासही ती साहाय्य करतात. ती तोंडावाटे देता येतात किंवा पडद्यातून सुईने मध्यकर्णात सोडता येतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, एकाएकी ऐकू येईनासे झालेल्या २५० रुग्णांवरील अभ्यासात दोन्ही पद्धती साधारणतः सारख्याच ठरल्या. म्हणून ज्यांना मधुमेहामुळे गोळ्या घेणे धोक्याचे आहे, त्यांनाही मार्ग उरतो.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की स्टेरॉइड म्हणजे रामबाण नव्हे. एकाएकी ऐकू न येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे ऐकणे औषधाविनाही काही अंशी परतते. त्यामुळे औषधाचा वाटा नेमका किती, याबद्दल तज्ज्ञांत अजून वाद आहे. स्वयंप्रतिकारक विकारात प्रारंभी चांगला गुण येतो, पण औषध कमी करताच ऐकणे पुन्हा घसरते आणि पुढेपुढे औषध लागू पडेनासे होते. मिळालेले ऐकणे टिकविण्यासाठी मेथोट्रेक्सेट वापरून पाहिले गेले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ६७ रुग्णांवरील चाचणीत ते नुसत्या नकली गोळीहून सरस ठरले नाही. स्टेरॉइड लागू न पडणाऱ्या दहा रुग्णांना दाहाचा एक विशिष्ट संदेश रोखणारे ॲनाकिन्रा हे औषध दिले असता सात जणांत सुधारणा दिसल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झाले. परंतु दहा रुग्ण म्हणजे आशेचा किरण, सिद्धांत नव्हे.

या औषधांचे धोकेही खरे आहेत. रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, झोप उडते, दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात. आणि आपल्या देशात विशेष म्हणजे शरीरात दडून बसलेला क्षय डोके वर काढू शकतो. म्हणून दीर्घ उपचारापूर्वी क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. ही औषधे मनाने सुरू करू नयेत, तशीच मनाने एकदम बंदही करू नयेत. ‘स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते’ असे ऐकून अनेक जण ती मध्येच सोडतात. होय, कमी होते. काही काळापुरती ती कमी करणे हाच येथे उपचार आहे. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपण ज्या भक्तिभावाने उच्चारतो, तो भाव येथे आपल्याच हिताच्या आड येतो.

मग प्रतिकारयंत्रणा ही कानाची शत्रू का? मुळीच नाही. उंदरांवरील प्रयोगांत असे आढळले, की मोठ्या आवाजाने इजा झालेल्या कानात धावून गेलेल्या भक्षक पेशी मेलेल्या पेशींची विल्हेवाट लावतात आणि उरलेल्या मज्जातंतूंना जगण्यास मदतही करतात. आणि लसींचे तर सारे कार्यच या यंत्रणेच्या बळावर चालते. गर्भारपणी आईला रुबेला झाल्यास बालक मोतीबिंदू, हृदयदोष वा बहिरेपणा घेऊन जन्माला येऊ शकते. या आजाराचा गर्भावरील परिणाम १९४१ साली ऑस्ट्रेलियातील ग्रेग या आणखी एका नेत्रतज्ज्ञाने उघडकीस आणला. आपल्या देशात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २०१७ साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या राज्यांत तमिळनाडू आणि गोवा होते. महाराष्ट्राची पाळी २०१८च्या नोव्हेंबरात आली. कोणत्याही शस्त्रक्रियेवाचून कान वाचविणारा हा उपाय आहे. ज्या बळाला एके ठिकाणी आवरावयाचे, त्यालाच दुसऱ्या ठिकाणी आगाऊ शिकवून तयार करावयाचे. यात विसंगती नाही.

आणि एवढे करूनही ऐकणे गेलेच, तरी सारे संपत नाही. स्वयंप्रतिकारक विकारात रोमपेशी गेल्या तरी मज्जातंतू पुष्कळदा शाबूत राहतो. म्हणून शंखात विद्युत्अग्रे बसविण्याची शस्त्रक्रिया, जिला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात, अशा रुग्णांत बहुधा चांगली उपयोगी पडते. मेंदूच्या आवरणाच्या जंतुजन्य दाहानंतर मात्र शंखात हाड भरू लागते, कधी काही आठवड्यांतच. तेथे ही शस्त्रक्रियाही लवकर करावी लागते. गरजू बालकांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून तिला साहाय्य मिळते आणि त्या कामाची सूत्रे मुंबईच्या अली यावर जंग संस्थेकडे आहेत.

शेवटी, घरी जाताना बरोबर न्यावी अशी एक गोष्ट देते. आपण सर्वांनी एका कानात बोट घालावे आणि ओठ मिटून गुणगुणावे. … आवाज कोणत्या कानात मोठा वाटला? बोट घातलेल्या, बंद कानात. मळ, सर्दी वा पाणी यांनी कान बंद झाला असेल तर असेच होते. गुणगुणणे त्याच कानात घुमते. परंतु ऐकू न येणाऱ्या कानाऐवजी ते चांगल्या कानात सरकले, तर दोष बहुधा आतला आहे. १८३४ साली वेबर यांनी वर्णन केलेल्या तत्त्वावरच डॉक्टर नादकाटा कपाळावर ठेवून हीच परीक्षा करतात. घरची परीक्षा म्हणजे निदान नव्हे. ती फक्त उशीर टाळण्यासाठी. एकाएकी एक कान बंद झाला आणि गुणगुणणे दुसऱ्या कानात गेले, तर थेंब घालीत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या तज्ज्ञांकडे जाऊन श्रवणमापन करून घ्यावे. पहिले दोन आठवडे सर्वांत मोलाचे. त्यानंतरही सहा आठवड्यांपर्यंत मध्यकर्णात औषध सोडून पाहतात, पण आशा घटत जाते. आणि सरफोजीराजांच्या त्या नोंदींप्रमाणे कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात : केव्हा सुरू झाले, कोणता कान, बरोबर चक्कर वा कानात आवाज आहे काय. तज्ज्ञांचा पहिला प्रश्न तारखेचाच असतो, आणि आम्हाला तीच नेमकी सांगता आली नव्हती.

माझी बहीण आता कोठेही गेली की डावी बाजू भिंतीकडे करून बसते. तिची तक्रार नाही. पण पाठीमागून कोणी हाक मारली की ती कोणत्या दिशेने आली हे तिला कळत नाही, आणि ती सगळीकडे वळून पाहते. हे पुस्तक मराठीत आणताना प्रत्येक पानावर मला ते तिचे वळून पाहणे दिसत होते. हे भाषांतर वाचून एका घराने जरी थेंबांची बाटली बाजूला ठेवून वेळेवर श्रवणमापन करून घेतले, तरी माझे श्रम कारणी लागले असे मी समजेन.